ट्रान्समिशन लाइनचं गणित: एकच गणित घ्या आणि शेवटपर्यंत सोडवा

शेजारचा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, परवा संध्याकाळी वही घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, लोड लॅगिंग आहे तरी रेग्युलेशन मायनस येतंय, असं कसं होईल?" वही बघितली तर जवळजवळ सगळं बरोबर होतं, एबीसीडी (लाइनचे चार स्थिरांक) बरोबर, करंट बरोबर, सेंडिंग एंडचं व्होल्टेज ८५.४७ केव्ही आलेलं तेही बरोबर, आणि मग शेवटच्या ओळीत त्याने त्या ८५ मधून थेट १३२ वजा केलेले. ८५ फेजचं व्होल्टेज, १३२ लाइनचं, आणि लाइनचं म्हणजे फेजच्या रूट तीन पट. अर्ध्या तासाची मेहनत एका रूट तीनमुळे वाया गेली.

मी बडोद्याच्या कलाभवनात शिकले, सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेलं ते कलाभवन, आज त्याला कोणी टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणतं पण आमच्या दांडिया बझारात अजून कलाभवनच म्हणतात. नंतर बरीच वर्षं डिझाइनमध्ये काढली आणि आता संध्याकाळी मुलांना पॉवर सिस्टिम शिकवते. इतक्या वह्या तपासल्यावर माझं पक्कं मत झालंय की ट्रान्समिशन लाइनच्या गणितात फॉर्म्युला क्वचितच चुकतो. चुकतं ते फॉर्म्युल्याच्या आधी, म्हणजे आकडा फेजचा का लाइनचा, अँगलचं चिन्ह काय आणि कॅल्सी कुठल्या मोडमध्ये आहे. आणि उत्तर चुकलंय हे कळत नाही कारण ते तपासायची दुसरी वाट कोणी शिकवलेली नसते. म्हणून खाली एकच गणित घेतलंय, त्याच्या प्रत्येक पायरीला आकडे दिलेत आणि शेवटी तेच उत्तर दोन वेगळ्या वाटांनी तपासलंय. वही-पेन आणि कॅल्सी घेऊनच वाचा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

गणित

१३२ केव्ही, ५० हर्ट्झ, थ्री-फेज लाइन, लांबी १२० किमी. दर किलोमीटरला रेझिस्टन्स ०.१६ ओहम, रिॲक्टन्स ०.४० ओहम, ससेप्टन्स २.८ मायक्रोसीमेन्स. रिसीव्हिंग एंडला १३२ केव्हीवर ४० मेगावॅट लोड, पॉवर फॅक्टर ०.८ लॅगिंग. सेंडिंग एंडचं व्होल्टेज, करंट, रेग्युलेशन आणि एफिशियन्सी काढा.

आधी ठरवा, लाइन छोटी का मोठी

पुस्तकात ८० किमीपर्यंत शॉर्ट, त्यापुढे २५० च्या आसपासपर्यंत मीडियम, त्याच्या वर लाँग असं दिलेलं असतं. याचं कारण एवढंच की लाइन जितकी लांब तितका तिचा जमिनीशी आणि एकमेकींशी असलेला कपॅसिटन्स वाढत जातो, शॉर्टमध्ये तो सोडून दिला तरी चालतं, मीडियममध्ये दोन टोकांना अर्धा-अर्धा ठेवला की भागतं आणि लाँगमध्ये मात्र तो सगळ्या लांबीवर पसरलेला धरावाच लागतो. आपली १२० किमी, म्हणजे मीडियम, आणि या अर्ध्या-अर्ध्या मांडणीलाच नॉमिनल पाय म्हणतात.

मग चित्र काढा, आणि एकाच फेजचं काढा

ही पायरी मुलं टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. वहीवर एक आडवी रेघ ओढा, तिच्यात मधे झेडचा (इम्पीडन्सचा) डबा, दोन्ही टोकांना खाली न्यूट्रलपर्यंत जाणारे वाय बाय टूचे (वाय म्हणजे ॲडमिटन्स) दोन कपॅसिटर, डावीकडे सेंडिंगचं व्होल्टेज व्हीएस, उजवीकडे रिसीव्हिंगचं व्हीआर. खाली स्वच्छ अक्षरात लिहा: "सर्व आकडे पर फेज, लाइन टू न्यूट्रल." हे वाक्य लिहिलेलं असलं की पुढे १३२ टाकायला हात धजावत नाही. मी अजूनही लिहिते.

दिलेलं १३२ केव्ही हे लाइन टू लाइन असतं, प्रश्नात सांगितलेलं नसलं तरी. त्याला रूट तीनने भागा, व्हीआर आला ७६.२१ केव्ही. हाच रेफरन्स धरा, अँगल शून्य, बाकी सगळे अँगल याच्यापासून मोजायचे.

करंट काढायचा तर ४० मेगावॅट ही तिन्ही फेज मिळूनची पॉवर आहे, तेव्हा ४० × १०^६ ला √३ × १३२००० × ०.८ ने भागा, आयआर येतो २१८.७ अँपिअर. लॅगिंग आहे म्हणून अँगल उणे ३६.८७ अंश. आयताकृती रूपात १७४.९५ − जे१३१.२२. इथे ते उणे चिन्ह लिहिताना दोन सेकंद थांबा, कारण इथे अधिक पडलं तर लोड लीडिंग होतो आणि पुढचं सगळं गोड दिसणारं पण खोटं उत्तर येतं.

झेड आणि वाय

पूर्ण लाइनचा झेड = १२० × (०.१६ + जे०.४०) = १९.२ + जे४८ ओहम. मॅग्निट्यूड ५१.७०, अँगल ६८.२०. वाय = जे ३.३६ × १०^-४ सीमेन्स. मायक्रोचे १०^-६ विसरू नका.

जरा थांबून, हे ०.४० कुठून येतं ते बघा, कारण परीक्षेत कधी कधी हे आकडे देतच नाहीत, कंडक्टर आणि अंतरं देतात. समजा कंडक्टर एसीएसआर (स्टीलच्या गाभ्याची ॲल्युमिनियमची तार) पँथर आहे, बाहेरचा व्यास २१ मिमी म्हणजे त्रिज्या १०.५ मिमी, आणि तीन कंडक्टर एका ओळीत ४-४ मीटरवर टांगलेत. अंतरं ४, ४ आणि ८, तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढा, ५.०४ मीटर. इंडक्टन्ससाठी त्रिज्येला ०.७७८८ ने गुणायचं, ८.१८ मिमी (हे खरं तर भरीव तारेचं आहे, एसीएसआरला टेबलमधला जीएमआर, म्हणजे इंडक्टन्ससाठीची परिणामी त्रिज्या, घ्यावा, पण टेबल दिलेलं नसेल तर पेपरात हेच चालतं). २ × १०^-७ × एलएन(५.०४ / ०.००८१८) केलं की मीटरला १.२८५ × १०^-६ हेन्री, म्हणजे किलोमीटरला १.२८५ मिलिहेन्री, ३१४.१६ ने गुणलं की ०.४०४ ओहम. कपॅसिटन्सला मात्र ती कमी केलेली त्रिज्या घ्यायची नाही, खरी १०.५ मिमीच घ्यायची, कारण चार्ज कंडक्टरच्या पृष्ठभागावर बसतो, आत नाही, आणि ०.७७८८ जो आहे तो कंडक्टरच्या आतल्या फ्लक्समुळे आलेला आहे. दोन्हीकडे एकच त्रिज्या टाकलेल्या वह्या मी ढिगाने पाहिल्यात. किलोमीटरला ९.०१ नॅनोफॅरड येतो, त्याचा ससेप्टन्स २.८३ मायक्रोसीमेन्स. आपल्या गणितातल्या आकड्यांच्या अगदी शेजारी. उघड्या हवेतल्या सिंगल कंडक्टरच्या लाइनला रिॲक्टन्स किलोमीटरला ०.४ च्या आसपासच येतो, तुमचा ४ किंवा ०.०४ आला तर पुढे जाऊच नका, कुठेतरी मीटर-मिलिमीटर चुकलंय.

एबीसीडी

झेड × वाय = (१९.२ + जे४८)(जे३.३६ × १०^-४) = −०.०१६१३ + जे०.००६४५.

ए = डी = १ + झेडवाय/२ = ०.९९१९४ + जे०.००३२३. मॅग्निट्यूड ०.९९१९, अँगल ०.१९ अंश.

बी = झेड = ५१.७०∠६८.२०.

सी = वाय(१ + झेडवाय/४) = −०.०००५४ × १०^-३ + जे०.३३४६ × १०^-३.

आता इथेच, पुढे जायच्या आधी, एडी वजा बीसी काढा. तो १ यायलाच हवा. आपल्या आकड्यांनी ए चा वर्ग येतो ०.९८३९३ + जे०.००६४० आणि बीसी येतो −०.०१६०७ + जे०.००६४०, वजाबाकी केली की बरोब्बर १. एक मिनिट लागतं, पण ए, बी, सी तिन्हीवर एकदम शिक्का बसतो. आणि एक खूण डोळ्यांनीच दिसते, मीडियम लाइनचा ए नेहमी १ पेक्षा किंचित लहान असतो, १ च्या वर गेला तर जे × जे = −१ करायचं राहिलंय.

सेंडिंग एंड

व्हीएस = ए × व्हीआर + बी × आयआर. दोन तुकडे वेगवेगळे काढा, एका दमात कॅल्सीवर टाकू नका, कारण एकदम टाकलेलं चुकलं तर कुठे चुकलं ते सापडत नाही.

पहिला तुकडा, ७६.२१ × (०.९९१९४ + जे०.००३२३) = ७५.६० + जे०.२५ केव्ही.

दुसरा तुकडा, (१९.२ + जे४८)(१७४.९५ − जे१३१.२२) = ९६५८ + जे५८७८ व्होल्ट, म्हणजे ९.६६ + जे५.८८ केव्ही. पहिला तुकडा केव्हीत, दुसरा व्होल्टमध्ये, बेरजेआधी एक करा. सांगायला साधं वाटतं पण परीक्षेच्या घाईत ७५.६० मध्ये ९६५८ मिळवलेले मी पाहिलेत.

बेरीज ८५.२५ + जे६.१२ केव्ही, मॅग्निट्यूड ८५.४७, अँगल ४.११ अंश. लाइन व्होल्टेज हवं म्हणून रूट तीनने गुणा, १४८.० केव्ही. शेजारचा मुलगा नेमका इथे, या शेवटच्या गुणाकाराआधी, अडकला होता.

आयएस = सी × व्हीआर + डी × आयआर. पहिला तुकडा −०.०४ + जे२५.५०, दुसरा १७३.९६ − जे१२९.६०, बेरीज १७३.९२ − जे१०४.१०, मॅग्निट्यूड २०२.७ अँपिअर, अँगल उणे ३०.९ अंश. सेंडिंगचा करंट रिसीव्हिंगपेक्षा कमी आला म्हणून घाबरू नका, उलट तसाच यायला हवा, लाइनच्या कपॅसिटन्सने वर खेचणारा २५ अँपिअरचा करंट दिला आणि लोडच्या खाली ओढणाऱ्या १३१ मधले तेवढे खाऊन टाकले.

सेंडिंग पॉवर फॅक्टर म्हणजे दोन्ही अँगलमधला फरक, ४.११ + ३०.९० = ३५.०१ अंश, कोसाइन ०.८१९ लॅगिंग. पॉवर ३ × ८५.४७ × २०२.७ × ०.८१९ = ४२.५७ मेगावॅट. एफिशियन्सी ४० भागिले ४२.५७, ९३.९६ टक्के.

रेग्युलेशन, जिथे हुशार मुलंही घसरतात

रेग्युलेशन म्हणजे लोड काढून टाकला तर रिसीव्हिंग एंडचं व्होल्टेज किती वर जाईल. लोड गेला की आयआर शून्य, मग व्हीएस = ए × व्हीआर, म्हणजे नो-लोडचं व्हीआर हे व्हीएस भागिले ए. ८५.४७ / ०.९९१९ = ८६.१७ केव्ही. त्यातून ७६.२१ वजा करून ७६.२१ ने भागा, १३.०७ टक्के.

शॉर्ट लाइनच्या सवयीने ए ने न भागता केलं तर १२.१५ टक्के येतं. फरक छोटा दिसतो म्हणून मुलं म्हणतात चालतं की, पण चालत नाही, कारण लाइन लांब होत गेली की हाच फरक पाच, दहा टक्क्यांवर जातो. ए ने भागणं म्हणजे लोड नसताना कपॅसिटन्समुळे व्होल्टेज वर येतं ते मोजणं.

आता तपासणी, दोन वेगळ्या वाटांनी

पहिली वाट लॉसची. पाय सर्किटमध्ये मधल्या झेडमधून जाणारा करंट म्हणजे आयआर अधिक उजवीकडच्या कपॅसिटरचा करंट. ७६२१० × १.६८ × १०^-४ = १२.८, तेव्हा मधला करंट १७४.९५ − जे११८.४२. त्याचा वर्ग ४४६३०, त्याला ३ × १९.२ ने गुणा, २.५७ मेगावॅट. वर ४२.५७ मधून ४० गेले, राहिले २.५७. जुळलं. हे जुळलं की गणित बरोबर आहे असं छातीठोक सांगता येतं, कारण या वाटेत सी आणि डी वापरलेच नव्हते.

दुसरी वाट पॉवरच्या समीकरणाची, गेट परीक्षेला हीच विचारतात म्हणून नीट बघा. रिसीव्हिंग पॉवर = (व्हीएस × व्हीआर / बी) × कोस(बीटा − डेल्टा) − (ए × व्हीआरचा वर्ग / बी) × कोस(बीटा − अल्फा). यात बीटा म्हणजे बी चा अँगल, अल्फा म्हणजे ए चा, डेल्टा म्हणजे व्हीएसचा. आणि इथे एक सोय आहे, व्होल्टेज लाइनचे केव्हीत टाकले तर उत्तर थेट तिन्ही फेजचे मेगावॅट येतात, रूट तीन नाही, गुणिले तीन नाही. टाकून बघा: १४८.०४ × १३२ / ५१.७० = ३७७.९८, गुणिले कोस ६४.०९ = १६५.१६. दुसरं पद ३३४.३१ × कोस ६८.०१ = १२५.१६. वजाबाकी ४०.०० मेगावॅट. मुलांच्या तोंडावर इथे जो आनंद दिसतो तो बघायला मला फार आवडतं, कारण तीन वाटांनी एकाच गावात पोचल्यासारखं वाटतं.

याच समीकरणातून जास्तीत जास्त पॉवरही निघते, डेल्टा बीटाइतका झाला की पहिला कोस १ होतो, ३७७.९८ − १२५.१६ = २५२.८ मेगावॅट. हे स्टेडी-स्टेट लिमिट, लाइन स्थिरपणे नेऊ शकेल ती कमाल पॉवर. पण हा आकडा कागदावरचा आहे हे लक्षात ठेवा, १३२ केव्हीवर एवढी पॉवर म्हणजे हजाराच्या वर अँपिअर, पँथर कंडक्टर त्याच्या फार आधी तापून खाली लोंबायला लागेल.

उत्तर आलं, पण ते खऱ्या लाइनवर चालेल का

१३२ केव्हीच्या सिस्टिमला उपकरणं जास्तीत जास्त १४५ केव्हीसाठी बनलेली असतात. आपलं उत्तर १४८. म्हणजे गणित बरोबर असलं तरी अशी लाइन कोणी चालवणार नाही, आणि हा विचार मुलांनी करावा असं मला मनापासून वाटतं, नुसता आकडा खाली दोन रेघा ओढून सोडू नये. दोष कुणाचा, तर त्या ०.८ पॉवर फॅक्टरचा. रिसीव्हिंग एंडला ३० मेगाव्हारची (व्हार म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक) कपॅसिटर बँक लावली तर लोडचे सगळे व्हार तिथेच भागतात, लाइनवर पॉवर फॅक्टर १ होतो. मग आयआर नुसता १७४.९५, अँगल शून्य. तेच गणित परत करा, व्हीएस येतो ७९.४३ केव्ही फेजचा, १३७.६ लाइनचा, रेग्युलेशन १३ वरून ५.०७ टक्क्यांवर, लॉस २.५७ वरून १.७७ मेगावॅटवर. ४० मेगावॅट तेवढेच पोचतायत, वायर तीच, आणि ८०० किलोवॅटची उष्णता वाचली.

का झालं ते दुसऱ्या तुकड्यात बघा. बी × आयआरच्या खऱ्या भागात ९६५८ व्होल्ट होते, त्यातले ६२९९ एकट्या जे४८ × जे१३१ मधून आलेले. म्हणजे व्होल्टेज ड्रॉपचा मोठा वाटा रिॲक्टन्समधून जाणाऱ्या रिॲक्टिव्ह करंटचा आहे, मेगावॅटचा नाही. हे एकदा या आकड्यांत दिसलं की कपॅसिटर बँक कशाला लावतात हा थिअरीचा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

लाँग लाइन

हालोलला जाताना आसोजच्या बाजूला ४०० केव्हीच्या लाइन दिसतात, गाडी थांबवून नीट वर बघा, एका फेजला एक तार नसते, दोन तारा शेजारी-शेजारी असतात आणि मधेमधे स्पेसरने धरलेल्या. दोन तारांनी जणू मोठ्या त्रिज्येचा एकच कंडक्टर बनतो, त्यामुळे रिॲक्टन्स कमी होतो आणि कपॅसिटन्स वाढतो. म्हणून गणितातही ०.४० ऐवजी ०.३३ च्या जवळचे आकडे येतात.

घ्या, ४०० केव्ही, ४०० किमी, झेड किलोमीटरला ०.०३ + जे०.३३ ओहम, वाय जे३.५ × १०^-६. नो-लोडला रिसीव्हिंग एंडचं व्होल्टेज काढा.

लाँग लाइनचा ए म्हणजे गॅमा गुणिले लांबीचा कॉश (हायपरबोलिक कोसाइन), आणि गॅमा म्हणजे झेड गुणिले वायचं वर्गमूळ. पोलरमध्ये करा, मॅग्निट्यूडचं मूळ आणि अँगलचा निम्मा. झेड ०.३३१४∠८४.८, वाय ३.५ × १०^-६∠९०, गुणाकाराचं मूळ १.०७७ × १०^-३∠८७.४. आयताकृती करून ४०० ने गुणा, ०.०१९५ + जे०.४३०३.

आता कॉश. मुलं वापरतात त्या कॅल्सीवर कॉम्प्लेक्स आकड्याचा कॉश सहसा थेट निघत नाही, म्हणून फोडून लिहायचं: कॉश ए१ × कोस बी१ + जे × सिंच ए१ × साइन बी१, जिथे ए१ हा ०.०१९५ आणि बी१ हा ०.४३०३. आणि हा ०.४३०३ रेडियन आहे. अंशात २४.६६. कॅल्सी डिग्री मोडला ठेवून कोस ०.४३०३ दाबलं की ०.९९९९७ येतं, ए होतो १.०००२, आणि चारशे किलोमीटरच्या लाइनला काहीच होत नाही असं उत्तर निघतं. मी स्वतः एका सेमिस्टरला या एका बटणापायी अख्खं गणित घालवलंय, दहा मार्कांचं, तेव्हापासून लाँग लाइनच्या पानावर वरती कोपऱ्यात "रेडियन" असं लिहून चौकट करते आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला करायला लावते.

बरोबर केलं तर ए = ०.९०९० + जे०.००८१, मॅग्निट्यूड ०.९०९०. सेंडिंगला ४०० असतील तर नो-लोडला रिसीव्हिंगला ४०० / ०.९०९ = ४४० केव्ही. लोड नाही, तरी दूरच्या टोकाला व्होल्टेज जास्त. हाच फेरांटी इफेक्ट, लंडनच्या डेप्टफर्ड पॉवर स्टेशनच्या १० केव्हीच्या केबलवर हे दिसलं, साधारण १८९० च्या सुमारास, म्हणजे इकडे बडोद्यात कलाभवन उघडत होतं तेव्हाच. कारण असं की लाइनचा चार्जिंग करंट लीडिंग असतो आणि तो लाइनच्या इंडक्टन्समधून जाताना व्होल्टेज पाडायच्या ऐवजी वाढवतो. ४०० ची सिस्टिम ४२० पर्यंतच झेपते, म्हणून अशा लाइनच्या टोकाला शंट रिॲक्टर ठेवावा लागतो, लांबून ट्रान्सफॉर्मरच वाटतो पण त्याचं काम हे जास्तीचे व्हार पिऊन टाकायचं.

अंदाज घ्यायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. लॉस नसलेल्या लाइनवर ५० हर्ट्झला लाट सुमारे ६००० किमीला पूर्ण ३६० अंश फिरते, म्हणजे किलोमीटरला ०.०६ अंश. ४०० किमीला २४ अंश, कोस २४ = ०.९१३५. आपला ०.९०९ अगदी जवळ. ३०० किमीला १८ अंश, ५ टक्के वाढ. १०० किमीला ६ अंश, अर्धा टक्का, म्हणूनच छोट्या लाइनला कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट जी मला स्वतः करून बघितल्यावरच पटली. याच ४०० किमीला जर चुकून नॉमिनल पाय लावला तर ए ०.९०७६ येतो, खऱ्या ०.९०९० च्या किती जवळ! पण बी बघा, नॉमिनलने १३२.५ ओहम आणि खरा, झेडसी × सिंच गॅमा एल ने, १२८.५. तीन टक्क्यांचा फरक. म्हणजे नो-लोडच्या प्रश्नात चूक झाकली जाते आणि लोडच्या प्रश्नात उघडी पडते. झेडसी म्हणजे सर्ज इम्पीडन्स, झेड भागिले वायचं वर्गमूळ, इथे ३०७.७ ओहम, आणि ४०० चा वर्ग भागिले ३०७.७ केला की ५२० मेगावॅट, हे सर्ज इम्पीडन्स लोडिंग. लोड याच्या खाली असला की लाइन व्हार देते, वर गेला की मागते. एवढं वाक्य लक्षात ठेवलं तर रिॲक्टर कधी आणि कपॅसिटर कधी यात गोंधळ होत नाही.

सर्जच्या, म्हणजे लाइनवरून धावणाऱ्या व्होल्टेजच्या अचानक लाटेच्या प्रश्नाचं थोडक्यात सांगते, तो सोपा आहे. ओव्हरहेड लाइन ४०० ओहम, पुढे केबल ४० ओहम, १०० केव्हीचा सर्ज लाइनवरून येतोय. पुढे जाणारा भाग २ × ४० / ४४० = ०.१८२, म्हणजे केबलमध्ये १८.२ केव्ही. परतणारा ०.१८२ − १ = उणे ०.८१८, म्हणजे ८१.८ केव्ही उलट्या चिन्हाने मागे. तपासणी: १०० − ८१.८ = १८.२, जोडावर दोन्ही बाजूंचं व्होल्टेज एकच यायला हवं. उलट दिशेने, केबलकडून लाइनकडे आला तर १८१.८ केव्ही. वरच्या अंशात नेहमी पुढच्या भागाचा इम्पीडन्स येतो, जिकडे लाट चाललीय तिकडचा.

आता पहिलंच १३२ केव्हीचं गणित पॉवर फॅक्टर ०.९ लॅगिंगने स्वतः करा, बाकी सगळे आकडे तेच. आयआर १९४.४ अँपिअर, अँगल उणे २५.८४ यायला हवा, व्हीएस ८३.३२ केव्ही फेजचा म्हणजे १४४.३ लाइनचा, डेल्टा ४.८३ अंश, रेग्युलेशन १०.२ टक्के, मधल्या करंटने काढलेला लॉस २.०६ मेगावॅट, एफिशियन्सी ९५.१ टक्के. १४५ च्या जेमतेम आत. व्हीएस जुळला आणि लॉस जुळला नाही तर मधल्या करंटमध्ये १२.८ मिळवायच्या ऐवजी वजा केलाय का ते आधी बघा.